एडीएचडीचं निदान झालंय, गोळी सुरू आहे. आता दिवसाची घडी कशी बसवायची?

पहाटवारा

वय ३४. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि ऊर्मी आवरणं अवघड करणाऱ्या स्थितीचं) निदान प्रौढ वयात झालं आहे, मुख्यतः अवधान न टिकण्याचा प्रकार. मनोविकारतज्ज्ञांनी सकाळी एकदा घ्यायचं, दीर्घकाळ चालणारं मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध दिलं आहे. डोस आता स्थिर आहे. गोळीने लक्ष लागतं हे नक्की, पण ते कुठे लागेल याचा भरवसा नाही. नऊ वाजता अहवाल लिहायला बसायचं ठरलेलं असतं आणि साडेअकराला कळतं की जुन्या फायलींची नावं मन लावून बदलून झाली आहेत.

माझे प्रश्न असे. कामांची यादी किंवा प्लॅनर दोन आठवड्यांवर टिकत नाही, का? काम महत्त्वाचं आहे हे ठाऊक असूनही सुरुवातच होत नाही, त्यावर काय करायचं? वेळेचा अंदाज नेहमी चुकतो, तो सुधारता येतो का? आणि दुपारनंतर गोळी उतरली की संध्याकाळ हातातून जाते, त्याचं काय?

'मनावर घ्या', 'शिस्त लावा' हे सांगून झालेलं आहे. नेमकं काय करायचं, किती वेळ आणि ते कुठे बिघडतं, हे कृपया लिहा.

---

मोजपट्टी

गोळीबद्दलचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. औषध लक्ष टिकवायला मदत करतं, कशावर ते ठरवत नाही. म्हणून गोळी चढायच्या आत दिशा ठरलेली हवी. आदल्या रात्री उद्याचं पहिलं काम एका ओळीत कागदावर लिहा आणि तो कागद बंद लॅपटॉपवर ठेवा. लॅपटॉप उघडायचा तर कागद उचलावाच लागेल अशा जागी. परिणाम जाणवायला लागतो त्या वेळी समोर जे असतं त्याला लक्ष चिकटतं, मग ती फायलींची नावं का असेनात.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी इथे फार उपयोगी पडते. एडीएचडीत काय करायचं हे माहीत असतं. माहीत असलेलं त्या क्षणी हातून घडत नाही, ही अडचण असते. त्यामुळे चांगल्या सवयींचा आणखी एक लेख वाचून फरक पडत नाही. आठवण, सूचना आणि साधन जिथे कृती करायची तिथे आणि तेव्हा समोर असेल, तर पडतो. औषधाच्या वेळेची चिठ्ठी कपाटाच्या आतल्या बाजूला असेल तर ती नसल्यासारखीच.

सुरुवातीबद्दल. यादीत 'अहवाल' असं लिहिलं असेल तर ते काम नाही, तो कामांचा गठ्ठा आहे. गठ्ठ्याला हात कुठून घालायचा हे ठरवणं हेच एक वेगळं अवघड काम असतं आणि मेंदू तिथूनच वळतो. त्याऐवजी हाताने करायची पहिली हालचाल लिहा: 'मागच्या महिन्याची फाईल उघडून नव्या नावाने सेव्ह करणे'. त्याखाली दुसरी: 'पहिल्या तक्त्यातले आकडे बदलणे'. पहिली पायरी दोन मिनिटांच्या वर जाता कामा नये. ती लिहूनही हात पुढे होत नसेल तर पायरी अजून मोठीच आहे, तिचे आणखी दोन तुकडे करा.

त्याला वेळेचा किंवा प्रसंगाचा खुंटा लावा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये 'अमुक झालं की तमुक करीन' अशा नेमक्या ठरावांबद्दल लिहिलं. त्या पद्धतीचा उपयोग एडीएचडीतही दिसलेला आहे. 'सकाळी अहवाल लिहीन' यातून काही घडत नाही. 'खुर्चीत बसून पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, की फाईल उघडीन' यातून घडतं. खुंटा रोज नक्की घडणारा असावा आणि डोळ्यांना दिसणारा असावा. 'मूड आला की' हा खुंटा नव्हे.

आता किती वेळ बसायचं. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी हे माप सगळीकडे सांगतात, पण ते सगळ्यांना बसत नाही. स्वतःचं माप काढा. कंटाळवाणं काम घ्या, स्टॉपवॉच सुरू करा आणि उठावंसं किंवा फोन उचलावासा पहिल्यांदा वाटेल तेव्हा बंद करा. वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा हे करून सरासरी काढा. १२ मिनिटं आली तर कामाचे तुकडे १२ मिनिटांचे. तुकडा कामाला न जुळवता मापाला जुळवायचा, हे महत्त्वाचं. दर दोन आठवड्यांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवून बघा.

तुकडा चालू असताना कोरा कागद उजव्या हाताशी ठेवा. 'बिल भरायचं राहिलं', 'तो शब्द शोधायला हवा' असं जे डोक्यात येईल ते दोन-तीन शब्दांत लिहा आणि कामाकडे परत या. टायमर वाजल्यावर कागद वाचा. निम्म्याहून जास्त गोष्टी तेव्हा बिनमहत्त्वाच्या वाटतील. उरलेल्या यादीत टाका. डोक्यातली गोष्ट विसरली जाईल ही धास्ती लक्ष ओढत असते, कागद ती धास्ती काढून घेतो. मात्र फोनवर लिहू नका. फोन हातात घेतला की लिहायचं काय होतं तेच निसटतं.

हे सगळं प्रौढांसाठीच्या वर्तन-उपचारात शिकवलं जातं. औषध घेऊनही लक्षणं उरलेल्या ८६ प्रौढांवर स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. ज्या गटाला ही कौशल्यं शिकवली त्याची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे गोळीच्या जोडीला हे शिकणं हा फाजील खटाटोप नाही. असा उपचार देणारा मानसशास्त्रज्ञ मिळत असेल तर जरूर गाठा.

वेळेचं खाली वेगळं लिहितो.

---

मोजपट्टी

वेळेचा अंदाज सुधारतो, पण डोळे मिटून नाही, नोंदीतून. रोज होणारी दहा कामं निवडा. प्रत्येकासमोर आधी अंदाज लिहा, करून झाल्यावर प्रत्यक्ष लागलेली मिनिटं लिहा. आठवडाभर एवढंच. बहुतेकांची चूक एकाच जागी सापडते: कामाचा मधला भाग धरला जातो, दोन टोकं धरलीच जात नाहीत. अंघोळ ८ मिनिटं हे बरोबर असतं, पण कपडे शोधणं, केस पुसणं, तयार होणं मिळून २५ होतात. नोंद हाती येईपर्यंत अंदाजाला दीडने गुणा, नव्या कामाला दोनने.

बाहेर पडायची वेळ नेहमी उलटी मोजा. १०:०० ची बैठक. खुर्चीत बसलेलं असणं ९:५५. खालच्या दारापासून खुर्चीपर्यंत ७ मिनिटं, म्हणजे ९:४८. प्रवास ३५, म्हणजे ९:१३. कुलूप, जिना, चपला ५, म्हणजे ९:०८. कॅलेंडरात '१०:०० बैठक' लिहून भागत नाही, '९:०८ दाराबाहेर' हीच खरी नोंद. तिला तीन गजर: ८:४५ 'हातातलं काम सोड', ९:०० 'चपला घाल', ९:०८ 'दाराबाहेर'. गजराला कृतीचं नाव हवं. नुसता वाजणारा गजर हात बंद करतो आणि डोकं विसरतं. पहिला गजर सगळ्यांत महत्त्वाचा, कारण उशीर बहुधा आवरण्यात होत नाही, आधीचं काम न सोडण्यात होतो. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, उठूनच बंद करावा लागला पाहिजे. गजराचा सूर दर काही आठवड्यांनी बदला, नाहीतर कान त्याला सरावतात.

शेवटच्या दहा मिनिटांत 'एवढं एक करून निघू' ही ऊर्मी येते. त्या दहा मिनिटांत नवं काम सुरू करायचं नाही, ९:०० नंतर फक्त दाराकडे जायचं. भिंतीवर काट्यांचं घड्याळ असू द्या, न्हाणीघरातसुद्धा. आकड्यांच्या घड्याळात किती वाजले ते कळतं, किती उरलं ते दिसत नाही.

---

निळी_शाई

मोजपट्टींचं पटतं, पण प्लॅनर दोन आठवड्यांत का मरतो याचं उत्तर राहिलं. ते माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

पहिले काही दिवस नवेपणा काम करतो. नवी वही, नवी शाई, त्यात गोडी असते. गोडी ओसरते तेव्हाच एखादा दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी वही उघडली की कालचं रिकामं पान दिसतं आणि न झालेली कामं दिसतात. ती पुढच्या पानावर उतरवायची म्हणजे वीस मिनिटं आणि मनस्ताप. तिसऱ्या दिवशी वही उघडलीच जात नाही. म्हणजे वही चुकलेल्या दिवसाने बंद पडत नाही, परत सुरू करायला जड जाते म्हणून पडते. एडीएचडीत दिवस चुकणार हे गृहीत धरा आणि पद्धत परत सुरू करायला हलकी आहे का, एवढंच बघा.

त्यासाठी छापील तारखांची वही घेऊ नका, कोरी घ्या. खंड पडला की मागची पानं वाचत बसायचं नाही. आजच्या पानावर आडवी रेघ मारा, तारीख घाला, आणि मागच्या कामांतली जास्तीत जास्त तीन घ्या. उरलेली महत्त्वाची असतील तर ती कुणीतरी विचारेल किंवा कॅलेंडरात असतीलच. हे १० मिनिटांच्या आत झालं पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर या पायऱ्या लिहूनच ठेवा: रेघ, तारीख, तीन कामं, पहिल्या कामाची पहिली हालचाल. खंड पडल्यावर डोकं जाग्यावर नसतं, तेव्हा लिहिलेलंच कामी येतं.

कॅलेंडर आणि यादी एकत्र करू नका. ज्याला ठरलेली वेळ आहे ते कॅलेंडरात, फोनवर, आणि ते कॅलेंडर कधीही बदलायचं नाही. वेळ नसलेली कामं वहीत. वहीचं रूप खुशाल बदला: पेनाचा रंग, पानाची मांडणी, टेबलावरची जागा. नवेपणाची गरज खरी आहे, ती दडपून उपयोग नाही. ती वहीच्या वरवरच्या रूपात भागवली की सांगाडा शाबूत राहतो. दर महिन्याला नवं ॲप घेतलं तर मात्र सांगाडाच हलतो आणि चार ठिकाणी चार अर्धवट याद्या उरतात.

वही बघणं आधीच घडणाऱ्या गोष्टींना बांधा: दात घासून झाले की, दुपारचं जेवण झालं की, लॅपटॉप मिटायच्या आधी. तीन मिनिटं पुरतात. एका दिवसाच्या पानावर पाचच्या वर कामं नकोत. सहावं लिहायचं तर एक खोडावं लागेल. लांबलचक यादीतून निवड करणं हे पुन्हा तेच सुरुवातीचं अवघड काम होऊन बसतं.

सुरुवातीसाठी एक भर: शेजारी माणूस बसवा. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. सुरुवातीला प्रत्येकाने 'पुढच्या ५० मिनिटांत अमुक करणार' असं मोठ्याने सांगायचं, मग माइक बंद, शेवटी दोन वाक्यांत काय झालं ते सांगायचं. गप्पा सुरू झाल्या की हे फुकट जातं, म्हणून जवळच्या मित्रापेक्षा थोडी लांबची ओळख बरी. त्या माणसाने मदत करायची नसते, फक्त असायचं असतं.

---

खलबत्ता

औषधाबद्दल लिहितो. डोसात बदल फक्त तुमच्या डॉक्टरांनी करायचा, हे धरूनच वाचा.

साधं मेथिलफेनिडेट साधारण ३ ते ४ तास चालतं. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या-कॅप्सूल बनावटीनुसार साधारण ८ ते १२ तास. 'दुपारनंतर उतरतं' एवढं सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती फारसं लागत नाही. पुढच्या भेटीआधी ७ ते १० दिवस एक तक्ता भरा: गोळी किती वाजता घेतली, फरक किती वाजता जाणवला, किती वाजता ओसरला, दुपारी भूक लागली का, झोप किती वाजता लागली, संध्याकाळी चिडचिड झाली का. हा तक्ता पाहून बनावट बदलायची, डोस बदलायचा की दुपारी लहान डोस जोडायचा, हे त्यांना ठरवता येतं.

संध्याकाळ हातातून जाण्याचं आणखी एक कारण असतं. भूक मेल्यामुळे दुपारी नीट खाल्लं जात नाही आणि गोळी उतरताना पोट रिकामं असतं. त्यातून येणारी चिडचिड आणि थकवा औषधाच्या माथी मारला जातो. सकाळी गोळीच्या आधी पोटभर खा. दुपारी भुकेची वाट न बघता घड्याळाने खा. औषध उतरण्याचा तो तास-दीड तास ओळखा आणि त्यात पैशाच्या गोष्टी, वाद, अवघड फोन ठेवू नका. चालायला जा, कपडे घडी करा, हाताची कामं करा. वीस-तीस मिनिटांचा दम लागेल असा व्यायाम काही काळापुरतं लक्ष सुधारतो, तो इथे बसवण्यासारखा आहे.

गोळी घेतली की नाही हे आठवण्याचा प्रयत्न करू नका. रोजची एकसारखी कृती मेंदू वेगळी साठवत नाही, त्यामुळे कालची आठवण आजची वाटते. सात कप्प्यांची डबी घ्या, ठरलेल्या वारी भरा. कप्पा रिकामा म्हणजे घेतली. कप्पा रिकामा असताना 'घेतली नसावी' असं वाटलं तरी पट्टीतून दुसरी काढायची नाही. सकाळी राहून गेली आणि दुपार झाली तर दीर्घकाळ चालणारी गोळी तेव्हा घेतल्यास रात्रीची झोप जाते. बहुतेक वेळा तो दिवस सोडून देणंच बरं, पण आपल्यासाठी काय ते डॉक्टरांना आधीच विचारून डबीवर लिहून ठेवा.

दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या चावू किंवा कुटू नका. पूर्ण दिवसाचा डोस एकदम सुटतो. काही गोळ्यांचं बाहेरचं कवच विरघळत नाही आणि शौचात जसंच्या तसं दिसतं. औषध शरीरात गेलं नाही असं समजून लोक घाबरतात. कवच रिकामं असतं, औषध आत गेलेलं असतं.

नाडी, रक्तदाब आणि वजन औषध सुरू करायच्या आधी आणि नंतर अधूनमधून मोजायचं असतं. घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, एकाच हातावर दोनदा मोजा, लिहून ठेवा. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने रक्तदाब आणखी वाढू शकतो. दुकानात औषध घेताना मेथिलफेनिडेट चालू आहे हे सांगा. नैराश्यावरची एमएओआय वर्गातली औषधं याच्यासोबत चालत नाहीत, ती थांबवल्यावरही १४ दिवस जाऊ द्यावे लागतात. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, विनाकारण संशय येणं, झोपेची गरजच न वाटणारा अतिउत्साह किंवा जीव नकोसा वाटणं यातलं काही झालं तर पुढच्या भेटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

कुणी ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचं दुसरं औषध घेत असेल तर हिशेब वेगळा. ते रोज घ्यावं लागतं, पूर्ण गुण यायला अनेकदा ४ ते ६ आठवडे किंवा जास्तही लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणारे बरेच असतात. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं सोबत असतील तर ॲटोमॉक्सेटिनचं शरीरातलं प्रमाण वाढतं, डॉक्टरांना दोन्ही माहीत हवीत.

आणि एक अगदी साधी गोष्ट. मेथिलफेनिडेटसारख्या औषधांची चिठ्ठी बऱ्याच देशांत ठरावीक दिवसांपुरतीच चालते आणि पुढची मिळवायला दिवस लागतात. शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की भेट घ्यायची, असा गजर डबी भरायच्या वारालाच लावा.

---

मध्यरात्र

झोपेचा विषय आला म्हणून थोडं. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचं शरीराचं घड्याळच उशिराचं असतं, रात्री उशिरा तरतरी येते. पण कितीतरी जणांत झोप न येणं ही अडचण नसते, थांबता न येणं ही असते. त्यावर उपाय वेगळा. झोपायच्या तासभर आधीचा गजर 'अंथरुणात जा' असा नको, 'पडदा बंद कर' असा हवा. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. उठवायला साधं घड्याळ, म्हणजे फोन उशाशी ठेवायला कारण उरत नाही.

घड्याळ मागे आणायचं तर झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पकडा, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर लवकरात लवकर २०-३० मिनिटं बाहेरच्या उजेडात. उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम दोन तास आणली तर चौथ्या दिवशी सगळं कोसळतं. कॅफिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, दुपारनंतरचं बंद.

मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडखळण्याची) तपासणी करून घ्या. रात्री पाय हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) बघायला सांगा. दोन्हींमुळे दिवसाचं अवधान ढासळतं आणि दोष एडीएचडीला जातो.

---

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. 'टोकं धरली जात नाहीत' हे वाचून थबकायला झालं. आणखी दोन गोष्टी विचारतो. घरात वस्तू सापडत नाहीत, बिलं राहतात, आणि आठवण करून द्यायचं काम जोडीदाराकडे जातं, त्यातून दोघांची चिडचिड. शिवाय ऑफिसात निदान सांगावं का?

---

कुंपणापलीकडे

वस्तूंचा नियम एकच: ठेवायला एका हालचालीपेक्षा जास्त लागलं तर वस्तू जागेवर जाणार नाही. झाकण उघडणं ही एक हालचाल, खण ओढणं ही एक. किल्ल्यांसाठी दारातून आत आल्यावर हात पोचेल तिथे उघडी वाटी. दोन पावलं पुढे नको, त्या दोन पावलांत लक्ष दुसरीकडे जातं. कपड्यांना उघडी टोपली, झाकणाची नाही. कात्री, चार्जर, पेन एकेकच ठेवून शिस्तीने परत जागेवर नेण्यापेक्षा जिथे लागतात तिथे प्रत्येकी एक ठेवा. कागदांना दोनच जागा: 'काही करायचं आहे' आणि 'ठेवायचं आहे'. टपाल कचऱ्याच्या डब्याशी उभं राहूनच उघडा, म्हणजे निम्मं तिथेच संपतं.

पारदर्शक डबे चांगले, पण सगळंच उघड्यावर ठेवलं की नजर सारखी तिकडे जाते. रोज लागतं तेवढंच उघड्यावर, आणि कामाच्या टेबलासमोरची भिंत मोकळी.

मध्ये थांबावं लागणारी कामं जास्त बिघडतात. कपडे धुणं हे एक काम नाही, मशीन लावणं, वाळत घालणं, घडी करणं अशी तीन आहेत आणि मधल्या प्रतीक्षेत ते डोक्यातून जातं. मशीन सुरू करतानाच तिच्या वेळेचा टायमर लावून अंगावर बाळगा. टायमर वाजताना घरी असणार नसाल तर मशीन लावूच नका.

बिलं शक्य तेवढी बँकेतून आपोआप जाऊ द्या, सगळ्यांची तारीख पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत आणा. त्या खात्यात फक्त बिलांचे पैसे, रोजच्या खर्चाचं खातं वेगळं. ऊर्मीच्या खरेदीसाठी दुकानांच्या ॲपमधून कार्डाचा साठवलेला नंबर काढून टाका आणि हवी असलेली वस्तू तारखेसकट वहीत लिहा. ४८ तासांनीही हवी असेल तर घ्या. कार्ड आणायला उठावं लागणं एवढा अडथळाही पुष्कळ वेळा पुरतो.

जोडीदाराबद्दल. 'मला आठवण कर' ही विनंती दिसते लहान, पण तिने सगळं लक्षात ठेवण्याचं ओझं एका माणसावर जातं आणि नात्यात पालक आणि मूल असा प्रकार तयार होतो. आठवण कॅलेंडरने करायची, माणसाने नाही. कामं वाटून घेताना 'मदत करतो' असं म्हणू नका, काम पूर्ण वाटून घ्या. कचरा तुमचा, तर पिशव्या संपल्यात हे बघणंही तुमचं. आठवड्यातून एकदा २० मिनिटं दोघांनी कॅलेंडर समोर घेऊन बसा, वार आणि वेळ ठरलेली, गोळीचा परिणाम असतानाची. एरवी चालता चालता सांगितलेलं काम धरलंच जाणार नाही हे दोघांनी मान्य करा: सांगणाऱ्याने आधी 'आता लिहून घेशील?' असं विचारायचं, ऐकणाऱ्याने तिथेच लिहायचं. 'हो, करतो' हे उत्तर मोजायचं नाही, लिहिलेलं मोजायचं.

भावना झपाट्याने उसळणं हेही अनेकांत एडीएचडीसोबत येतं. भांडण तापतं तेव्हा थांबण्यासाठी एक वाक्य शांत असताना ठरवून ठेवा, 'मी वीस मिनिटांनी परत येतो' असं. त्यात परत यायची वेळ असलीच पाहिजे. नाहीतर समोरच्याला ते निघून जाणं वाटतं. रागाने लिहिलेला मेसेजही तेवढाच वेळ न पाठवता राहू द्या.

ऑफिसात निदान सांगायची घाई नको. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि हवं ते बरंचसं नाव न घेताही मागता येतं. 'तोंडी सूचना मेलवर दोन ओळींत पाठवाल का', 'महिन्याच्या मुदतीऐवजी दर शुक्रवारी एक तुकडा दाखवतो', 'सकाळी ९ ते ११ बैठक नको' या मागण्या कुणीही करू शकतो. लांबची एकच मुदत एडीएचडीत शेवटच्या दोन दिवसांपर्यंत जाणवतच नाही, म्हणून मधल्या मुदती, आणि त्या दुसऱ्या माणसाला दाखवायच्या. स्वतःशी ठरवलेली मुदत धरवत नाही. कायदेशीर सवलत हवी असेल किंवा नोकरीवर गदा येत असेल तर मग मात्र सांगावं लागतं. तेव्हा डॉक्टरांचं पत्र आणि नेमकी मागणी दोन्ही लेखी द्या.

---

पहाटवारा

हे सगळं आजपासून करावंसं वाटतंय. तेच चुकेल ना?

---

निळी_शाई

हो. एकदम सुरू केलं तर तेराव्या दिवशी सगळंच एकदम बंद पडेल.

पहिले दोन आठवडे फक्त दोन गोष्टी: गोळ्यांची डबी आणि दाराजवळची वाटी. दोन्हींत विचार करावा लागत नाही, म्हणून त्या आधी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खलबत्तांचा तक्ता, कारण तो दहा दिवसांत संपतो आणि डॉक्टरांची भेट त्याने सत्कारणी लागते. त्यानंतर कॅलेंडरात 'दाराबाहेर'च्या वेळा. वही सगळ्यांत शेवटी, साधारण दुसऱ्या महिन्यात. लोक वहीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. झोपेचा बदल मध्ये घुसवू नका, त्याला वेगळा महिना द्या.

एखादी गोष्ट टिकते आहे का हे बघताना सलग किती दिवस झाले ते मोजू नका, १४ पैकी किती झाले ते मोजा. सलगतेचा आकडा एका चुकीने शून्यावर येतो आणि तिथेच मन उडतं. १४ पैकी ९ झाले तर पुढची गोष्ट जोडा. नऊच्या खाली असेल तर नेट लावू नका, जागा बदला: वाटी दाराच्या दुसऱ्या बाजूला, डबी ब्रशच्या शेजारी. आणि मग पुन्हा १४ दिवस.

डबी आजच भरून ठेवा, उद्या सकाळसाठी.